बारा हेक्टर माळ आणि सहाशे किलो फूल : चीजसाठी काटेरी कार्दू लावण्याचं एक प्रकरण

आग्नेय पोर्तुगालात, ग्वादियाना नदीच्या खोऱ्यात, मेर्तोला गावाजवळ एका कुटुंबाकडे बारा हेक्टर पडीक जमीन आहे असं धरा. कुटुंब मी हिशेबासाठी कल्पिलं आहे. जमीन, पाऊस, झाड आणि चीज मात्र खरी आहेत. कुटुंबापुढचा प्रश्न असा : या माळावर कार्दू नावाचं काटेरी झाड लावून त्याची फुलं आजूबाजूच्या चीज करणाऱ्यांना विकावीत का?

पहिल्या नजरेला उत्तर 'हो' येतं. झाड तिथलंच, पाणी द्यायला नको. मेंढीच्या दुधाचं चीज त्याच टापूत होतं आणि ते साकळवायला हेच फूल लागतं. पडीक जमिनीला पीक मिळालं, पिकाला दाराशी गिऱ्हाईक मिळालं, आणखी काय हवं! मीही सुरुवात याच समजुतीने केली होती. आकडे मांडल्यावर ती टिकली नाही, पण पूर्ण मोडलीही नाही.

जमीन

हा माळ निसर्गाने असा केलेला नाही. आलेंतेजो प्रांताच्या या भागात शिस्ट खडक आहे, पत्र्यासारखे थर सुटणारा. त्यावर मातीचं पांघरूण मुळातच पातळ. १९२९ मध्ये पोर्तुगीज सरकारने 'गव्हाची मोहीम' काढली. देशाला लागणारा गहू देशातच पिकला पाहिजे, म्हणून अनुदानं दिली आणि नांगर अशा उतारांवर चढवले जिथे तो आधी कधी चढला नव्हता. काही हंगाम गहू आला. मग हिवाळी पावसाने उघडी माती धुऊन नेली आणि खाली मुरूम उरला. मेर्तोला परिसर या धुपीचं पोर्तुगालातलं ठळक उदाहरण आहे. धूप मोजण्यासाठी याच तालुक्यात एक प्रयोग केंद्र उभं राहिलं, यावरूनच काय ते समजा.

पाऊस वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर, अनेकदा त्याहून कमी. तोही जवळजवळ सगळा ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये. उन्हाळा कोरडा ठणठणीत, पारा चाळिशीच्या वर. २००२ मध्ये ग्वादियानावरच्या आल्केव्हा धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी अडू लागलं. पुढे वरच्या अंगाच्या भारी जमिनींवर ऑलिव्ह आणि बदामाच्या बागा उभ्या राहिल्या. आपला माळ त्या पाण्याच्या बाहेर आहे, म्हणूनच तो पडीक आहे.

झाड

कार्दूचं शास्त्रीय नाव सिनारा कार्डुन्क्युलस. आर्टिचोक नावाची जी महागडी भाजी असते, ती याच जातीचं माणसाने घडवलेलं रूप. करडईही याच गोतातली, त्यामुळे ज्याने करडईच्या शेतात पाय सोलून घेतले आहेत त्याला कार्दूचा स्वभाव समजावून सांगायला नको. फरक उंचीचा आणि आयुष्याचा. कार्दू माणसाच्या डोक्यावर जातो, आणि एकदा धरला की त्याच बुडख्यातून वर्षानुवर्षं फुटत राहतो.

त्याचं वेळापत्रक या हवेसाठीच बेतल्यासारखं आहे. पहिल्या पावसाला जमिनीलगत राखाडी-हिरव्या पानांचा घेर पसरतो. हिवाळाभर तो वाढतो. वसंतात दांडा उठतो, जून-जुलैमध्ये जांभळ्या तुऱ्यांची बोंडं उघडतात, आणि मग वरचा सगळा पसारा उभ्या उभ्या वाळून जातो. उन्हाळा झाड मुळात काढतं. ते सोटमूळ काही मीटर खोल जातं. जिथे गहू मार्चमध्येच माना टाकतो, तिथे कार्दू मे महिन्यात अजून पाणी शोधत असतो.

पण 'कार्दू मुरमावर येतो' आणि 'कार्दू मुरमावर भरपूर येतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मुळाला खोल जायला भेगा लागतात. सलग खडक लागला तर झाड जगतं, पण चार बोंडांऐवजी एकच देतं. उत्पन्नाचे जे मोठे आकडे सांगितले जातात, ते बहुधा खोल मातीचे असतात.

फूल दुधात काय करतं

दही लागतं ते आंबटपणाने. जिवाणू आम्ल तयार करतात आणि दूध बसतं. चीजचं तसं नाही. तिथे रेनेट लागतं, म्हणजे दूध गोड असतानाच त्याला साकळवणारं विकर. दुधातले केसीन प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, कारण त्यांच्या अंगावर कप्पा-केसीनची केसाळ झूल असते. रेनेट ही झूल एका ठराविक जागी कापतं : साखळीतल्या १०५ व्या आणि १०६ व्या अमिनो आम्लांच्या मध्ये. झूल गेली की कण एकमेकांना धरतात आणि दुधाची खरवसासारखी थरथरणारी वडी होते.

वासराच्या जठरातलं कायमोसिन हे विकर हेच काम करतं आणि जवळपास तेवढंच करून थांबतं. कार्दूच्या फुलातली विकरंही नेमकी तिथेच कापतात, पण थांबत नाहीत. त्यांना कार्डोसिन म्हणतात. त्यांची ओळख पटवण्याचं मोठं काम १९९० च्या दशकात कोइम्ब्रा विद्यापीठातल्या संशोधकांनी केलं. कार्डोसिन ए हे वागण्यात कायमोसिनच्या जवळचं. कार्डोसिन बी हे जठरातल्या पेप्सिन या पाचक विकरासारखं, म्हणजे हावरट. दूध साकळल्यानंतरही ते आतलं केसीन तोडत बसतं. म्हणूनच सेरा द एश्त्रेला किंवा सेर्पा हे चीज पिकलं की आतून लोण्यासारखं मऊ होतं. वरचं झाकण कापून ते चमच्याने खातात. सीमेपलीकडच्या स्पेनमध्ये तोर्ता देल कासार नावाचं असंच चीज आहे. पिकताना ते बसकं होऊन चपट्या केकसारखं दिसायचं, त्यावरून 'तोर्ता'.

हाच हावरटपणा गायीच्या दुधात अंगाशी येतो. तुटलेल्या प्रथिनांचे काही तुकडे कडू असतात, आणि गायीच्या दुधाचं, विशेषतः जास्त काळ मुरवायचं चीज या फुलाने कडवट होतं. प्रथिनं निवळीत वाहून गेल्याने उतारही घटतो. मेंढीचं दूध दाट, प्रथिनं आणि स्निग्धांश भरपूर. ते हा मार सोसतं, नव्हे त्याचंच सोनं करतं. या एका गोष्टीने आपल्या कुटुंबाचा बाजार ठरून जातो : मेंढीचं दूध, फार तर शेळीचं.

प्रत्यक्ष काम फार जुन्या पद्धतीचं आहे. वाळलेले जांभळे केसर, म्हणजे फुलातले बारीक तंतू, चिमटीने मोजून घ्यायचे, खलात जाड्या मिठाबरोबर कुटायचे. मीठ धारेसारखं काम करतं, केसर चुरतात, आणि मिठाला विटकरी-जांभळा रंग चढतो. हा चुरा फडक्यावर पसरून त्यावरून कोमट दूध ओततात, किंवा तो पाण्यात भिजवून तपकिरी अर्क गाळून घेतात. दूध ३० अंशांच्या आसपास. पाऊण ते एक तासात बोट घातलं की स्वच्छ चीर पडते. ही रीत किती जुनी? मूळचा काडिझचा रोमन शेतीलेखक कोलुमेला याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच दूध साकळवण्यासाठी रानकाट्याची फुलं सांगितली आहेत, आणि त्याच यादीत करडईचं बीही आहे.

हिशेब

आता गाभ्याची गोष्ट. एका लिटर दुधाला वाळलेलं फूल किती लागतं? प्रमाण फुलाच्या ताकदीप्रमाणे बदलतं, पण ०.३ ग्रॅम हा धरण्याजोगा आकडा आहे. एक किलो मऊ चीजला मेंढीचं साडेपाच लिटर दूध धरू. म्हणजे किलोमागे फूल लागलं १.६५ ग्रॅम. चिमूटभर.

वर्षाला १०० टन चीज करणारी डेअरी घ्या, या धंद्यात ती चांगलीच मोठी म्हणायची. तिला ५,५०,००० लिटर दूध लागेल आणि फूल १६५ किलो.

शेताच्या बाजूने पाहू. हेक्टरी १०,००० झाडं, प्रत्येकाला पाच बोंडं, बोंडामागे एक ग्रॅम वाळलेले केसर. हे आकडे मी हिशेबापुरते, हात राखून धरले आहेत. त्यातून हेक्टरी ५० किलो निघतात. म्हणजे १०० टनांच्या त्या डेअरीला वर्षभर पुरायला साडेतीन हेक्टर खूप झाले.

आणि लहान चीजवाला? त्याच्याकडे दोनशे मेंढ्या, प्रत्येकीचं मोसमाला शंभर लिटर दूध धरा. एकूण २०,००० लिटर, फूल सहा किलो, जमीन बारा गुंठे. बारा गुंठे! ते त्याच्या वाड्यामागे निघतात, आणि तेवढी फुलं त्याची माणसं आजही बांधावरच्या रानझाडांवरून एका आठवड्यात गोळा करू शकतात. तो विकत का घेईल?

आपले बारा हेक्टर पूर्ण लावले तर ६०० किलो फूल येईल. त्याने २० लाख लिटर दूध साकळेल, म्हणजे ३६० टनांच्या वर चीज. एवढं गिऱ्हाईक एका कुटुंबाने गाठायचं म्हणजे या भागातल्या अनेक डेअऱ्या एकट्याने बांधून घ्यायच्या. आणि शेजारच्यानेही तेच केलं तर? मेर्तोलातला पडीक माळ हजारो हेक्टरांत मोजायचा आणि फुलाची गरज दहा-वीस हेक्टरांत. 'पडीक जमिनीवर रेनेटसाठी काटेरी झाडं' या कल्पनेचं दुखणं इथे आहे. मागणी खरी आहे, पण ती जमिनीच्या मापाची नाही, तागडीतल्या ग्रॅमची आहे.

मजुरीचा भाग याहून टोचणारा, अक्षरशः. हेक्टरी ५०,००० बोंडं. बोंड धरायचं, वरचा जांभळा तुरा मुठीत घेऊन उपसायचा, पाटीत टाकायचा. अर्धा मिनिट धरला तरी हेक्टरी ४१७ तास होतात. जून-जुलैत तिथे दुपारी शेतात उभं राहवत नाही, सकाळचे पाच तास मिळतात. म्हणजे एका माणसाचे ८३ दिवस, आणि फुलोरा टिकतो जेमतेम महिनाभर. एका हेक्टरला तीन माणसं, बाराला छत्तीस. मेर्तोलासारख्या, माणसं निघून चाललेल्या भागात ही छत्तीस माणसं आणायची कुठून? शिवाय बोंडं एकदम उघडत नाहीत. त्याच झाडाकडे तीन-चारदा यावं लागतं.

'शाकाहारी रेनेट'चा मोठा बाजार?

इथे कुणीतरी म्हणतंच की जगभर वासराच्या रेनेटला पर्याय हवा आहे, मग मेंढीच्या चीजवर का अडायचं? कारण तो पर्याय केव्हाच सापडला आहे. कायमोसिनचं जनुक सूक्ष्मजीवात घालून टाकीत आंबवून केलेल्या कायमोसिनला अमेरिकेत १९९० मध्ये परवानगी मिळाली, आणि आज जगातलं बरंचसं चीज त्यावर चालतं. ते शाकाहारी आहे, स्वस्त आहे, दर वेळी सारखंच आहे आणि कडू होत नाही. बुरशीपासून काढलेली रेनेटही आहेत. त्या रांगेत कार्दूने उभं राहू नये. एवढंच नाही, पोर्तुगीज संशोधकांनी कार्डोसिन बीवर बेतलेलं रेनेट यीस्टमध्ये तयार करून मेंढी-शेळीच्या चीजसाठी वापरून पाहिलं आहे. म्हणजे कार्दूचा खास गुणसुद्धा टाकीत उतरू शकतो.

मग फुलाला वाचवतं कोण? नियम. सेरा द एश्त्रेला, सेर्पा, अझेइतांव यांसारख्या चीजना युरोपीय संघाचं संरक्षित मूळस्थान मानांकन आहे, आपल्या ओळखीच्या भौगोलिक मानांकनाचाच हा कडक भाऊ. त्यांच्या विनिर्देशात दूध, प्रदेश आणि साकळवणारा कार्दू लिहिलेला आहे. मेर्तोला हा सेर्पा चीजच्या मानांकित टापूतच येतो. त्या नावाने विकायचं तर फूल टाळता येत नाही. माझ्या मते कुटुंबाने शाकाहारी बाजार वगैरे मोठे शब्द विसरून या एका ओळीवर धंदा उभा करावा.

मग विकायचं काय

डेअरीवाल्याची खरी अडचण फूल मिळत नाही ही नाहीच. मिळतं ते दर वेळी वेगळं असतं, ही आहे. रानातली झाडं परागीभवनाने मिसळलेली, प्रत्येकात कार्डोसिन ए आणि बीचं प्रमाण निराळं. एका पोत्यातल्या फुलाने दूध पाऊण तासात बसतं, पुढच्याने दीड तास घेतला. एका खेपेचं चीज चमच्याने खाण्यासारखं, पुढच्या खेपेचं कडवट किंवा रबरासारखं. हंगामाचीही गंमत आहे : फूल येतं जूनमध्ये, आणि मेंढ्या भर दुधावर असतात हिरवळीच्या दिवसांत, हिवाळा-वसंतात. म्हणजे फूल सहा-आठ महिने साठवलेलं असतं. दमट कोपऱ्यात राहिलं तर बुरशी, उन्हात वाळवलेलं असेल तर रंग आणि ताकद दोन्ही गेलेली.

यातलं एक कलम लोक हसण्यावारी नेतात, ते म्हणजे स्वच्छता. ही चीज कच्च्या दुधाची असतात, दूध तापवून निर्जंतुक केलेलं नसतं. शेतातली धूळ, पाखरांची घाण, किडे यांसकट वाळलेलं फूल तुम्ही थेट त्या दुधात भिजवता. अंगणात ताडपत्रीवर वाळवलेलं फूल दिसायला छान, पण मी डेअरीवाला असतो तर ते दाराबाहेर ठेवलं असतं.

तेव्हा कुटुंबाने विकायची ती ताकद. साकळवण्याची ताकद मोजायला सॉक्सलेट एकक जुनं आणि सोपं आहे : ३५ अंश सेल्सियसला ४० मिनिटांत एक भाग रेनेट किती भाग दूध साकळवतं. त्यासाठी पाण्याचं ऊनपात्र, थर्मामीटर, घड्याळ आणि एकाच प्रकारचं दूध पुरतं. प्रत्येक काढणीची वेगळी चाचणी घ्यायची, खेपा मिसळून सारख्या ताकदीच्या करायच्या, आणि डब्यावर आकडा लिहायचा. झाडंही बियांपासून वाढवण्याऐवजी, चांगल्या निघालेल्या मोजक्या झाडांच्या बुडख्याचे फुटवे काढून लावायची, आर्टिचोकवाले लावतात तशी. बियांची झाडं आईवर जातीलच असं नाही, फुटवे जातात.

उरलेली जमीन

फुलासाठी एक हेक्टर, फार तर दोन. बाकी दहांचं काय? कार्दूलाच चिकटून राहायचं तर त्याची दुसरी बाजारपेठ आहे, जळण आणि तेलाची. बियांत सुमारे २५ टक्के तेल असतं. इटलीत सार्डिनियामधल्या पोर्तो तोरेसला २०११ मध्ये मात्रिका नावाची संयुक्त कंपनी सुरू झाली, तिने याच झाडाचं तेल जैवरसायनांसाठी वापरायचं ठरवलं. तिथे माप हेक्टरांचंच आहे. पण ते काम कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्याचं. मेर्तोलाहून वाळकी खोडं ट्रकने लांब न्यायची म्हणजे हवा वाहून नेण्यासारखंच. आणि फूल व बी एकाच बोंडातून दोन्ही हवीत तर पेच पडतो. बोंडच कापलं तर बी नाही. परागीभवनाआधी तुरा उपसला तरी बी नाही. या झाडात पराग आधी मोकळा होतो आणि कुक्षी काही दिवसांनी पिकते, त्यामुळे मधला मुहूर्त साधणं पन्नास हजार बोंडांवर शक्य नाही.

त्याऐवजी दहा हेक्टर नांगरूच नयेत, हे मला पटतं. १९२९ ची चूक नांगराचीच होती. तिथे गवत आणि अझिन्हेरा नावाचे तिथले ओक वृक्ष पुन्हा धरू द्यावेत, मेंढ्या माफक चाराव्यात. उतारावर आडव्या ओळींनी कार्दूचे पट्टे ठेवले तर मुळं माती धरतील आणि जूनमध्ये, बाकी सगळं वाळलेलं असताना, मधमाश्यांना फूल मिळेल. ते उत्पन्न म्हणून वहीत लिहू नये.

एक सावधगिरी, आणि ती या झाडाच्या मायभूमीबाहेर वाचणाऱ्यांसाठी जास्त. कार्दू भूमध्य समुद्राच्या आसपास शेजारधर्म पाळतो, बाहेर पाळत नाही. १८३३ मध्ये चार्ल्स डार्विनला आजच्या उरुग्वेच्या माळावर याच झाडाने शेकडो चौरस मैल व्यापलेले दिसले, माणूस-जनावर आत शिरू शकणार नाही असे. कॅलिफोर्नियातही तो उपद्रवी तण आहे. 'पडीक जमिनीवर सहज येतं' या वाक्यातला 'सहज' तिथे धोक्याचा.

निर्णय

कुटुंबाला मी दिलेला आराखडा असा. पहिल्या शरदात खोल मातीची जागा निवडून फक्त अर्धा हेक्टर. माळाचा सगळ्यात वाईट तुकडा नव्हे, सगळ्यात बरा. पहिला उन्हाळा तणाशी झुंजण्यात जाईल, फूल किरकोळ. दुसऱ्या जूनमध्ये चाळीस-पन्नास झाडांचे केसर वेगवेगळे काढायचे, सावलीत, जाळीवर, बंद खोलीत पंख्याच्या वाऱ्याने वाळवायचे आणि प्रत्येकाची साकळण चाचणी घ्यायची. त्यातून सहा-सात झाडं निवडून त्यांचे फुटवे. हेक्टर पूर्ण भरायला चौथं-पाचवं वर्ष उजाडेल, तोवर घर दुसऱ्या कमाईवर चालायला हवं. हे न सांगता कुणाला 'कमी खर्चाचं पीक' म्हणून हा सल्ला देणं मला फसवणूक वाटते.

नोव्हेंबरात, मेंढ्या दुधावर आल्या की, टापूतल्या दोन डेअऱ्यांकडे अर्धा-अर्धा किलोचे काळे डबे फुकट न्यायचे. आत वाळलेले जांभळे केसर, आणि झाकणावर चिठ्ठी : कोणत्या ओळीतली झाडं, कोणत्या दिवशी काढलं, ३५ अंशांना किती मिनिटं.